दशांशाच्या देशात

सॉल्ट लेक सिटीमध्ये मेन स्ट्रीट आणि साउथ टेम्पल हे दोन प्रशस्त रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथे ईशान्येच्या कोपऱ्यावर पांढऱ्या झिलईदार टेराकोटाने मढविलेली एक भव्य इमारत उभी असून तिच्या माथ्यावर मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराचा घुमट आहे. १९११ साली ‘हॉटेल यूटा’ या नावाने उघडलेली ही वास्तू आज ‘जोसेफ स्मिथ मेमोरियल बिल्डिंग’ म्हणून ओळखली जाते, आणि बहुतेक प्रवासी तिच्या दिवाणखान्यातील खांबांची शोभा पाहून पुढच्या प्रेक्षणीय स्थळाकडे वळतात. परंतु या जागेचे खरे माहात्म्य त्या खांबांत नाही. हॉटेल बांधण्यापूर्वी याच आवारात मॉर्मन पंथाची दशांश-वसुलीची मुख्य कचेरी होती. धान्याची कोठारे, गुरांचे वाडे, गवताच्या गंजी आणि लोणी-अंड्यांची तळघरे यांनी हे आवार गजबजलेले असे, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बैलगाड्या येथे रिकाम्या होत असत. ज्या समाजाने वैराण खोऱ्यात शहर वसविले, त्याचा जमाखर्च या कोपऱ्यावर लिहिला गेला. यूटा संस्थानात मी गेलो तो मुख्यत्वे हा जमाखर्च आणि त्यामागची श्रद्धा समजून घेण्याच्या इच्छेने.

प्रथेचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. मॉर्मन पंथाचा, म्हणजे २०१८ पासून त्याचे धुरीण ज्या पूर्ण नावाचा आग्रह धरीत आहेत त्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चा, निष्ठावान सभासद आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला अर्पण करतो. कल्पना पुरातन आहे. बायबलातील अब्राहामाने मल्कीसदेक या राजपुरोहितास लुटीचा दहावा भाग दिला, आणि मलाखी या संदेष्ट्याने दशांश चुकविणाऱ्यांना ईश्वराची चोरी करणारे ठरवून, पूर्ण देणाऱ्यांना आकाशाची द्वारे उघडण्याचे अभिवचन ऐकविले. इतर ख्रिस्ती पंथांतही दशांशाचा उपदेश होतो; तथापि त्यास धर्मजीवनाच्या अगदी मध्यभागी आणून बसविण्याचे काम या पंथाने केले. दहाव्या हिश्शाचे नाव निघताच मराठी वाचकास सरदेशमुखीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सरदेशमुखीच्या पाठीशी घोडदळ उभे असे. यूटातील दशांशाच्या रकमेला मात्र देणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा कोणताही पुरावा मागितला जात नाही.

हा नियम सुखाच्या दिवसांत जन्मलेला नाही. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क संस्थानात पंथाची स्थापना केल्यानंतर पुढच्याच वर्षी अनुयायांनी आपली सारी मालमत्ता बिशपच्या नावे करून द्यावी आणि गरजेपुरती परत घ्यावी, असा ‘समर्पणाचा कायदा’ पुकारला गेला. तो फार काळ टिकला नाही. १८३७ साली ओहायो संस्थानातील कर्टलंड येथे पंथाने काढलेली पेढी बुडाली, कर्ज वाढले, कित्येक जुने सहकारी विरोधक बनले, आणि उरलेले लोक मिसूरीच्या सरहद्दीकडे सरकले. तेथे बिशप एडवर्ड पार्ट्रिज याच्या समितीने डॉलरमागे दोन सेंट घ्यावेत असा माफक प्रस्तावही मांडला होता. अखेर ८ जुलै १८३८ रोजी फार वेस्ट या वसाहतीत स्मिथने जो साक्षात्कार लिहवून घेतला, तो ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनन्ट्स’ या धर्मग्रंथाचे ११९ वे प्रकरण होऊन बसला आहे. प्रथम गरजेपेक्षा अधिक असलेली मालमत्ता द्यावी, आणि त्यानंतर प्रतिवर्षी आपल्या वाढाव्याचा दहावा भाग कायमचा देत जावा, अशी त्यातील आज्ञा आहे. लगतचे १२० वे प्रकरण या पैशाचा विनियोग कोणी करावा ते सांगते: पंथाचे अध्यक्षमंडळ, बिशप व त्याचे मंडळ, आणि उच्च मंडळ. ज्या लोकांना ही आज्ञा झाली त्यांना थोड्याच महिन्यांत मिसूरीतून हुसकून लावण्यात आले. पुढे इलिनॉयमध्ये त्यांनी नॉवू शहर वसविले, त्याच संस्थानातील कार्थेज येथे १८४४ च्या जूनमध्ये त्यांच्या संस्थापकाचा जमावाकडून खून झाला, आणि ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडे निघालेली त्यांची पहिली तुकडी २४ जुलै १८४७ च्या सुमारास खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात उतरली.

त्या खोऱ्यात नाणे दुर्मिळ होते. साहजिकच दशांशाचा भरणा ऐनजिनसी होऊ लागला. शेतकरी दहावे पोते, गवळी दहावा शेर लोणी, कोंबड्या पाळणारी बाई दहावे अंडे आणून देई. आणि ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नसे तो दहा दिवसांतला एक दिवस श्रमाने भरून काढी. गावोगाव दशांशाची कचेरी आणि तिला लागून धान्याचे कोठार असे. कारकून जिन्नस मोजून घेई, मुख्य बिशपच्या दफ्तराने ठरवून दिलेल्या भावाने त्याची किंमत लावी आणि देणाऱ्याच्या खात्यावर जमा करी. याच कोठारांतून मजुरांचा मुशाहिरा चुकता होई, युरोपातून नव्याने आलेल्या कुटुंबांस पहिल्या हिवाळ्याची शिधासामग्री मिळे, विधवांच्या चुली पेटत. पुढे तर दशांश-कोठारात वटणाऱ्या छापील चिठ्ठ्याही चलनाप्रमाणे फिरत असत. धर्मसंस्था, बाजारपेठ, पेढी आणि दुष्काळ-निवारणाचे खाते ही चारही कामे एकाच छपराखाली चालविणारी अशी यंत्रणा अमेरिकेच्या इतिहासात विरळा असेल. लेनर्ड अॅरिंग्टन या इतिहासकाराने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रेट बेसिन किंग्डम’ या ग्रंथात तिचे जे तपशीलवार विवेचन केले आहे, ते या विषयाच्या जिज्ञासूने अवश्य वाचावे. दक्षिण यूटातील एस्कलान्टे गावात त्या काळची दगडी दशांश-कचेरी अद्याप पाहावयास मिळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा ऐनजिनसी वसूल बंद होऊन सर्व भरणा रोकडीत होऊ लागला.

श्रमाच्या दशांशाचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे टेम्पल स्क्वेअरमधील मंदिर. १८५३ च्या ६ एप्रिल रोजी त्याच्या कोनशिला बसविल्या गेल्या आणि बरोबर चाळीस वर्षांनी, १८९३ च्या ६ एप्रिल रोजी, त्याचे समर्पण झाले. शहरापासून सुमारे वीस मैलांवरील लिटल कॉटनवुड दरीतून ग्रॅनाइटसारख्या कणखर दगडाचे प्रचंड चिरे आणावे लागत. आगगाडी येण्यापूर्वी बैलांच्या गाडीवर एकेक चिरा लादून आणण्यास कित्येक दिवस मोडत. १८५७-५८ मध्ये अमेरिकेचे सैन्य यूटावर चालून येत असता रचलेला पाया मातीखाली गाडून टाकण्यात आला, तो नांगरलेल्या शेतासारखा दिसावा म्हणून. आणि तो पुन्हा उकरल्यावर त्यात भेगा आढळल्या तेव्हा सदोष भाग काढून नव्याने बांधला गेला. वेगवेगळ्या वॉर्डांतून, म्हणजे स्थानिक मंडळ्यांतून, आळीपाळीने माणसे आपला दहावा दिवस भरण्यास येत असत. भिंतीच्या चिऱ्यांवर छिन्नीच्या खुणा आहेत. त्यांतील कोणती खूण पगारी पाथरवटाची आणि कोणती दशांशाची, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. भूकंपापासून संरक्षण देण्यासाठी २०१९ च्या अखेरीस हे मंदिर बंद करून त्याच्या पायाचे प्रचंड काम हाती घेण्यात आले, आणि तेही खर्चाचे काम दशांशाच्याच बळावर उभे आहे.

इतिहास वाचून कळतो. प्रथा चालू आहे ती कशी, हे पाहावयाचे तर रविवारच्या सभेस जावे लागते. शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात, महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एका वॉर्डच्या सभागृहात गेलो. या रविवारी निष्ठावान सभासद दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेल्या अन्नाची किंमत, किंवा शक्य असल्यास त्याहून अधिक रक्कम, गरिबांसाठी ‘फास्ट ऑफरिंग’ म्हणून देतात. सभेत भाकरी आणि पाणी यांचा प्रसाद फिरला, परंतु इतर चर्चमध्ये दिसते तसे पैशाचे तबक फिरले नाही. बिशपच्या खोलीबाहेर भिंतीला लावलेल्या लाकडी खणात पाकिटे आणि छापील चिठ्ठ्या ठेवलेल्या होत्या. चिठ्ठीवर दशांश, उपवासाचे दान, मिशनरी निधी, मानवसेवा असे रकाने असतात. देणारा ते स्वतः भरतो, एक प्रत आपल्यापाशी ठेवतो आणि पाकीट बिशपच्या किंवा त्याच्या सहायकाच्या हाती देतो. आताशा बहुतेक लोक संगणकावरून भरणा करतात असे मला सांगण्यात आले. तरीही आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा भिंतीला चिठ्ठी टेकवून, पेन्सिलीने दशांशाच्या रकान्यात सावकाश आकडा लिहीत होता, आणि त्याच्या मुठीतली नाणी पाकिटात पडल्यावर त्याने ते पाकीट इतक्या गंभीरपणे बिशपच्या हाती दिले की, त्या थोर माणसानेही तितक्याच गंभीरपणे वाकून ते स्वीकारले. सभा संपल्यावर बिशपचा सहायक आणि हिशेबनीस अशा दोघांनी मिळून पाकिटे उघडावयाची, रक्कम चिठ्ठीशी ताडून पाहावयाची आणि ती त्याच दिवशी बँकेत जमा करावयाची असा शिरस्ता आहे. एकट्याने पैशास हात लावावयाचा नाही.

बिशप हा धंदेवाईक धर्मगुरू नसतो, ही गोष्ट दशांशाचा विचार करताना विसरता कामा नये. मला भेटलेले बिशप शाळेत गणित शिकवीत होते. अशी माणसे सुमारे पाच वर्षे ही जबाबदारी विनावेतन वाहतात आणि मग पुन्हा सभेतल्या बाकांवर जाऊन बसतात. आणि बिशप असतानाही स्वतःचा दशांश भरतात. मी त्यांना विचारले की, उत्पन्नाचा दहावा भाग हा कर कापण्यापूर्वीचा धरावयाचा की नंतरचा? ते म्हणाले, “हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतो, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो: ते आपण प्रार्थना करून ठरवा. मी फक्त हा पूर्ण दशांश आहे का, एवढेच विचारीन, आणि आपण जे सांगाल ते लिहून घेईन.” ही केवळ त्यांची सौजन्याची भाषा नव्हती. १९७० साली अध्यक्षमंडळाने काढलेल्या पत्रकात, मूळ आज्ञेतील वाढावा म्हणजे उत्पन्न समजावे, आणि याहून अधिक अर्थ सांगण्याचा अधिकार कोणासही नाही, असे स्पष्ट बजावलेले आहे. वर्षाच्या अखेरीस प्रत्येक कुटुंब बिशपसमोर जाऊन बसते. वर्षभरात भरलेल्या रकमांचा छापील तक्ता पुढे ठेवला जातो, मुलेही आपापला तक्ता पाहतात, आणि मग तो एकच प्रश्न विचारला जातो. पगाराचा कागद कोणी मागत नाही. उत्पन्न तपासणारा कोणी अंमलदार नाही. लक्षावधी कुटुंबांनी इतक्या मोठ्या रकमेचा निवाडा स्वतःच्या सदसद्विवेकावर सोपविलेला पाहून माझे मन खरोखर भरून आले.

परंतु याच प्रश्नाला दुसरी, कठीण बाजू आहे, आणि तीही तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मंदिरात प्रवेश करण्यासाठी दाखला लागतो. तो दोन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी होणाऱ्या मुलाखतीत पूर्ण दशांश भरता काय, हा एक प्रश्न असतो. पति-पत्नींचे नाते मृत्यूनंतरही टिकावे म्हणून केला जाणारा विवाहसंस्कार मंदिरातच होतो. ज्या बापाने दशांश भरलेला नाही, त्याला आपल्या लेकीच्या त्या संस्काराच्या वेळी बाहेर बसावे लागते. २०१९ साली नियम सैल करून, आधी नागरी विवाह सर्वांसमक्ष करावा आणि त्यानंतर वर्षभर न थांबता मंदिरात संस्कार करावा, अशी मुभा दिली गेली, तेव्हा कित्येक घरांतील जुने दुःख हलके झाले. तरीही बंधन उरतेच. हातावर पोट असलेल्या कुटुंबाकडूनही दहावा हिस्सा अपेक्षिला जातो. घरभाडे द्यावे की दशांश, असा पेच पडला तर आधी दशांश द्यावा आणि कमी पडेल ते बिशपकडे मागावे, अशी शिकवण मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकली. कोट्यधीशाचा दहावा हिस्सा आणि मोलकरणीचा दहावा हिस्सा हे गणितात समान असले तरी पोटाला जाणवतात ते वेगवेगळे, आणि या विषमतेचे समाधानकारक उत्तर मला कोणाकडून मिळाले नाही.

बिशपकडे मागावे म्हणजे काय, हे शहराच्या पश्चिम भागातील ‘वेल्फेअर स्क्वेअर’मध्ये प्रत्यक्ष दिसते. १९२९ नंतरच्या मोठ्या मंदीत हजारो कुटुंबे निराधार झाली तेव्हा १९३६ साली अध्यक्ष हीबर जे. ग्रँट यांच्या कारकिर्दीत पंथाने स्वतःची साहाय्य-योजना सुरू केली. धान्याचे दूरवरून दिसणारे उंच कोठार, बेकरी आणि दूधप्रक्रियेचा कारखाना यांचे हे आवार त्यातूनच उभे राहिले. येथील भांडार एखाद्या नीटनेटक्या दुकानासारखे दिसते. ‘डेझरेट’ असे लेबल लावलेले टोमॅटोचे आणि पीचचे डबे, पिठाच्या पिशव्या, लोणी, साबण फळ्यांवर रचलेले आहेत. पैसे घेणारा गल्ला मात्र कोठेही नाही. गरजू माणूस बिशपची सही असलेली यादी घेऊन येतो आणि जिन्नस घेऊन जातो. ज्याच्या अंगात शक्ती आहे त्याने मोबदल्यात काही काम करावे, अशी अपेक्षा असते, आणि तिच्यामागे देणाऱ्याचा अहंकार नसून घेणाऱ्याच्या स्वाभिमानाची काळजी आहे असे मला वाटले. या भांडाराचा मुख्य आधार उपवासाच्या दानाचा आहे. दशांश हा प्रामुख्याने दानधर्माचा निधी नव्हे, आणि बाहेरच्या माणसाची येथेच बहुधा गफलत होते. दशांशातून सभागृहे आणि मंदिरे बांधली व राखली जातात, प्रोव्हो येथील ब्रिगॅम यंग विद्यापीठासारख्या शिक्षणसंस्था चालतात (तेथे सभासद विद्यार्थ्यांची फी इतरांच्या निम्मी असते), धर्मप्रसाराची आणि वंशावळी-संशोधनाची खाती पोसली जातात. सारी रक्कम मुख्यालयात जाते आणि स्थानिक खर्चाची रक्कम तेथून परत येते. त्यामुळे सधन उपनगरातील सभागृह आणि गरीब देशातील सभागृह यांत फारसा भेद राहत नाही.

सॉल्ट लेक सिटीहून दक्षिणेस सुमारे तीनशे मैलांवर सेंट जॉर्ज हे गाव आहे. वाटेत हिरवळ विरत जाते, मातीचा रंग तांबूस होतो, आणि अखेरीस लाल खडकांच्या कुशीत पसरलेले हे उष्ण गाव दिसू लागते. ब्रिगॅम यंगने १८६१ साली कापसाच्या लागवडीसाठी येथे माणसे पाठविली होती. गावाच्या मध्यभागी लाल वालुकाश्माचे, मनोऱ्यावर घड्याळ असलेले सभागृह १८७६ साली पुरे झाले. दशांशाच्या इतिहासातील निर्णायक प्रसंग याच छताखाली घडला. १८८७ साली अमेरिकन काँग्रेसने बहुपत्नीकत्वाविरुद्ध केलेल्या कायद्याने पंथाची संस्था विसर्जित ठरवून पन्नास हजार डॉलरांवरील मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम दिला. जी मालमत्ता जप्त होऊ शकते तिच्यात भर कोण घालणार, म्हणून दशांश आटला. आणि शतक संपताना पंथावर दहा लाख डॉलरांहून अधिक कर्ज होते. अशा स्थितीत १७ मे १८९९ रोजी पंच्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष लोरेन्झो स्नो या दुष्काळग्रस्त गावात आले आणि येथील व्यासपीठावरून त्यांनी दशांश पूर्ण भरण्याची हाक दिली. त्यांनी पावसाचे वचन दिले आणि पाऊस पडला, ही कथा आज घराघरांत सांगितली जाते, १९६३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला; ती प्रामुख्याने स्नो यांच्या मुलाने कित्येक वर्षांनी केलेल्या लेखनातून पसरली आहे. पावसाच्या कथेहून मला पुढची घटना अधिक मोलाची वाटते. स्नो गावोगाव फिरले, भरणा वाढला, आणि १९०७ च्या एप्रिलमध्ये त्यांचे उत्तराधिकारी जोसेफ एफ. स्मिथ यांनी पंथ कर्जमुक्त झाल्याचे भर सभेत जाहीर केले.

त्या कर्जाची धास्ती पंथाच्या हाडीमाशी इतकी खिळली की, पुढच्या पिढ्यांनी उत्पन्नातील काही भाग बाजूस टाकून राखीव निधी उभारला. १९९७ साली त्यासाठी ‘एन्साइन पीक अॅडव्हायझर्स’ ही स्वतंत्र संस्था निघाली. २०१९ च्या डिसेंबरात या संस्थेच्या एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून निधी सुमारे शंभर अब्ज डॉलरांचा असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यभर चिठ्ठीच्या रकान्यात आकडे भरले होते ते लोकही चकित झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने या संस्थेस व चर्चला मिळून पन्नास लाख डॉलरांचा दंड केला. गुंतवणुकीचा आकार लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून तेरा नाममात्र कंपन्यांच्या नावे विवरणपत्रे भरण्यात आली होती, असा नियामकाचा ठपका होता. चर्चने झालेल्या चुकांबद्दल खेद व्यक्त केला. टेम्पल स्क्वेअरसमोर २०१२ साली उघडलेल्या ‘सिटी क्रीक सेंटर’ या बाजारसंकुलात दशांशाचा पैसा लावला की काय, या मुद्द्यावर एका माजी सभासदाने खटलाही भरला. वापरला गेला तो राखीव निधीवरील नफा, आणि तसे चर्चने पूर्वीच सांगितले होते, असे ठरवून २०२५ च्या जानेवारीत संघीय अपील न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल योग्य असेल. दुष्काळासाठी धान्य साठविणाऱ्यास कोणी नावे ठेवू नयेत, हेही मला मान्य आहे.

माझे म्हणणे निराळे आहे. हा पंथ एकेकाळी आपल्या वार्षिक परिषदेत खर्चाचा तपशील वाचून दाखवीत असे. १९५९ नंतर तो तपशील बंद झाला, आणि आता दर एप्रिलमध्ये अंतर्गत हिशेबतपासनिसांचे एक छोटे निवेदन तेवढे वाचले जाते. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील कायदे धर्मादाय संस्थांकडून ताळेबंद मागतात, म्हणून तेथील आकडे प्रसिद्ध होतात. ज्या देशात या पंथाचा जन्म झाला तेथे कायदा ते मागत नाही, म्हणून होत नाहीत. जे सभासद पगाराचा कागद न दाखविता, केवळ आपल्या शब्दावर पूर्ण दशांश भरतात, त्यांनी आपली बाजू निष्कलंकपणे पार पाडली आहे. त्यांच्या बिशपच्या खोलीत जसा प्रत्येकाच्या नावाचा वर्षाचा तक्ता पुढे ठेवला जातो, तसाच संपूर्ण पंथाच्या जमाखर्चाचा तक्ता मुख्यालयाने परिषदेपुढे पुन्हा ठेवावा, तोही कायदा भाग पाडील तेव्हा नव्हे, आपण होऊन ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.